३७ अक्षरांची गुप्तलिपी: वही, पेन्सिल आणि दहावीचं बीजगणित

सोलापुरात मोठ्यांना पोरांपासून काही लपवायचं म्हटलं की पंचाईत होते. दुसऱ्या गावात आईवडील पटकन इंग्रजीत बोलून वेळ मारून नेतात. इथं घरात मराठी, जिन्यात तेलुगू, कोपऱ्यावरच्या दुकानात कन्नड आणि रिक्षात दखनी. सहा वर्षांच्या पोरालाही चारही भाषांत पैशांचं बोलणं बरोबर कळतं. भाषा बदलून इथं काही लपत नाही. मग पोरं 'च'च्या भाषेकडे वळतात. पहिल्या अक्षराच्या जागी च घालायचा आणि ते अक्षर शेवटी टाकायचं. 'भाकरी'ची होते 'चाकरी भ'. दोन दिवस मजा येते, तिसऱ्या दिवशी आजीही त्याच भाषेत ओरडते.

आमच्या गच्चीवर रविवारी गल्लीतली आठ-दहा पोरं गणितं घेऊन बसतात. या गुप्तलिपीचा खेळ तिथंच सुरू झाला. खाली लिहिलंय ते सगळं त्यांच्याबरोबर, चुका करत करत जमवलेलं. सातवीच्या मुलाला करता येईल, आणि फोडायचं असेल तर दहावीचं पहिलं प्रकरण पुरेल. साहित्य म्हणजे चौकटीची वही आणि पेन्सिल. मोबाइलचा कॅल्क्युलेटर घेतलात तरी हरकत नाही, पण पहिले दोन दिवस हातानं करा.

आधी अक्षरांना नंबर द्या

इंग्रजीवाल्यांचं सोपं असतं, २६ अक्षरं, विषय संपला. आपल्याकडे स्वर, व्यंजनं, मात्रा, जोडाक्षरं, सगळा पसारा. बहुतेक जण इथंच कंटाळून रोमन लिपीत मराठी लिहायला लागतात. तसं करू नका. आपल्या वर्णमालेतच एक सुंदर सोय दडलेली आहे.

मात्रा बाजूला ठेवा. 'हुरडा' या शब्दात आपण फक्त ह, र, ड बदलणार. उकार आणि काना जागच्या जागी राहतील. आता व्यंजनं मोजा: क पासून म पर्यंत पाच वर्ग म्हणजे २५, पुढं य र ल व श ष स ह ळ ही ९, मिळून ३४. शाळेच्या तक्त्यात शेवटी क्ष आणि ज्ञ असतात, ते धरून ३६. राहिले स्वर. त्यांच्यासाठी सावरकरी पद्धत वापरायची, म्हणजे 'अ' हेही एक अक्षर आणि बाकी स्वर म्हणजे त्याला लावलेल्या मात्रा. अ ला काना दिला की आ, वेलांटी दिली की इ. झाली ३७ अक्षरं.

३७ ही मूळ संख्या आहे. १ आणि ३७ सोडून कशानंच तिला भाग जात नाही. हा योगायोग आपल्या किती कामाला येतो ते पुढं दिसेलच.

वहीच्या पहिल्या पानावर असं लिहून ठेवा:

अ ०
क १, ख २, ग ३, घ ४, ङ ५
च ६, छ ७, ज ८, झ ९, ञ १०
ट ११, ठ १२, ड १३, ढ १४, ण १५
त १६, थ १७, द १८, ध १९, न २०
प २१, फ २२, ब २३, भ २४, म २५
य २६, र २७, ल २८, व २९
श ३०, ष ३१, स ३२, ह ३३, ळ ३४
क्ष ३५, ज्ञ ३६

पाठ करायची गरज नाही. प्रत्येक वर्गाचं शेवटचं अक्षर पाचच्या पाढ्यात आहे, तेवढं लक्षात आलं की हात आपोआप चालतो.

तीन बारीक नियम. जोडाक्षर फोडून, पाय मोडून लिहायचं: 'सिद्धेश्वर' म्हणजे सि, द्, धे, श्, व, र. त्र आणि श्र सुद्धा फोडायचे, फक्त क्ष आणि ज्ञ अखंड ठेवायचे. अनुस्वार जिथं आहे तिथंच राहू द्या. ऋ आला तर रु लिहा, ऑ आला तर ओ. गुप्तलिपीत शुद्धलेखनाचे मार्क कापत नाहीत.

पहिली पायरी: नुसतं सरकवणं

प्रत्येक नंबरात ५ मिळवा. ३६ च्या पुढं गेलं तर ३७ वजा करा, कारण अक्षरं गोलात बसवली आहेत. आज सोमवार असेल तर आठ दिवसांनी मंगळवारच येतो, तसं.

सोलापूर घेऊ. स ३२, अधिक ५ म्हणजे ३७, म्हणजे ०, म्हणजे अ. मूळची मात्रा ओ होती, म्हणून 'ओ'. ल २८ चा झाला ३३, ह, कान्यासकट 'हा'. प २१ चा २६, 'यू'. र २७ चा ३२, 'स'. सोलापूरचं झालं 'ओहायूस'. पोरं खूश, कारण हे कुठल्या तरी अमेरिकेतल्या राज्यासारखं वाटतं. वाचणाऱ्यानं प्रत्येक अक्षरातून ५ वजा करायचे.

हिशोब नको असेल तर चौकटीच्या वहीतून दोन पट्ट्या कापा. एकीवर ३७ अक्षरं एकदा, दुसरीवर ओळीनं दोनदा. एक पट्टी दुसरीखाली सरकवली की वरचं अक्षर आणि खालचं अक्षर ही जोडी तयार. गोल चकती करायच्या भानगडीत पडू नका. ३६० अंशांचे ३७ सारखे भाग कंपासपेटीत होत नाहीत, आमच्या गच्चीवर तीन पुठ्ठे त्यात वाया गेलेत.

हीच युक्ती रोमचा ज्युलियस सीझर वापरायचा, तो तीन घरं सरकवायचा. किती घरं सरकवायचं तो आकडा म्हणजे या लिपीची किल्ली. पण अशा किल्ल्या आहेतच ३६. चहा गार व्हायच्या आत सगळ्या तपासून होतात. पुढं जाऊ.

दुसरी पायरी: गुणा आणि मिळवा

खरं बीजगणित इथं सुरू होतं. एका संख्येनं गुणायचं, एक संख्या मिळवायची, ३७ नं भागून बाकी घ्यायची:

नवा नंबर = गुणक × मूळ नंबर + भर

गुणक ५ आणि भर ८ घेऊ. हुरडा लिहू.

ह म्हणजे ३३. ५ × ३३ = १६५, अधिक ८, १७३. यातून ३७ कितीदा काढायचे? इथं एक सोय आहे: ३७ × ३ = १११. म्हणजे १११, २२२, ३३३ या सगळ्या ३७ च्या पटीतल्या. १७३ मधून १११ गेले, ६२ राहिले. त्यातून ३७ गेले, २५ राहिले. २५ म्हणजे म. 'मु'.

र २७: १३५ + ८ = १४३. वजा १११, ३२. म्हणजे स.

ड १३: ६५ + ८ = ७३. वजा ३७, ३६. म्हणजे ज्ञ. 'ज्ञा'.

हुरडा = मुसज्ञा. सरकवण्यात शेजारची अक्षरं शेजारीच राहतात. इथं ती पांगतात. क होतो १३ म्हणजे ड, आणि त्याच्या शेजारचा ख होतो १८ म्हणजे द. मध्ये पाच घरांचं अंतर.

उलगडताना सगळं उलट क्रमानं करायचं. डब्यात शेवटी ठेवलेला कप्पा आधी निघतो, तसं. आपण गुणून मग मिळवलं होतं, आता आधी ८ वजा आणि मग ५ नं भागणं. म वरून: २५ − ८ = १७. आता १७ ला ५ नं भागायचं कसं? पूर्ण भाग जात नाही.

नवशिक्यांची गाडी नेमकी इथं रुतते, म्हणून जरा थांबून बघा. बाक्यांच्या जगात ५ नं भागणं म्हणजे अशा संख्येनं गुणणं, जिला ५ नं गुणलं की १ बाकी राहते. तशी संख्या शोधायला ३७ च्या पटींत १ मिळवून लिहा: ३८, ७५, ११२, १४९... यातली पहिली ५ नं भाग जाणारी कोणती? ७५. ७५ ÷ ५ = १५. झालं. ५ नं भागायचं असेल तिथं १५ नं गुणा. १७ × १५ = २५५, वजा २२२, ३३. ह परत आला. र आणि ड तुम्ही करून बघा.

मोठ्या संख्यांसाठी हाच शोध नीट पायऱ्यांनी करायची रीत आपल्याकडे जुनी आहे. तिचं नाव कुट्टक, म्हणजे कुटून कुटून बारीक करणं. आर्यभटानं इसवी सन ४९९ मध्ये ती दिली. त्याच्यापुढं प्रश्न ग्रहांच्या फेऱ्यांचे होते, हुरड्याचे नव्हते, पण बाक्यांचं गणित तेच.

३७ नसते तर

पहिल्या रविवारी मी अ विसरलो होतो. ३६ च अक्षरं धरली आणि गुणक ठेवला ४. पोरांनी चिठ्ठ्या लिहिल्या, आणि उलगडायला बसल्यावर कल्ला सुरू झाला. 'घाघा' असं लिहिलेलं होतं. एकानं वाचलं 'काका', दुसऱ्यानं 'लाला'. दोघंही बरोबर! क म्हणजे १, चौपट ४. ल म्हणजे २८, चौपट ११२, त्यातून १०८ गेले, ४. ञ आणि ध यांचंही तेच होतं. चार अक्षरं एकाच घरात घुसली, मग बाहेर कोण कुठलं ते कळणार कसं?

कारण ४ आणि ३६ यांना ४ हा सामाईक विभाजक आहे. गुणक आणि एकूण अक्षरं यांच्यात १ सोडून सामाईक विभाजक असला की हा गोंधळ होणारच. ३७ मूळ संख्या असल्यामुळं १ ते ३६ मधला कुठलाही गुणक बिनधास्त चालतो. म्हणून त्या 'अ'चं एवढं कौतुक. गुणक ३६ प्रकारचे, भर ३७ प्रकारची, म्हणजे १३३२ किल्ल्या. त्यातली गुणक १ आणि भर ० ही किल्ली काहीच बदलत नाही, ती सोडा.

किल्ली कुठली निवडावी

पद्धत सगळ्या गल्लीला माहीत असली तरी चालेल, किल्लीचे दोन आकडे तेवढे माहीत होऊ नयेत. गुप्तलिपीचे अभ्यासक ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये हे तत्त्व मांडलं आणि ते अजून तसंच पाळलं जातं. आमच्याकडे पोरांना हे चादरीवरून पटलं. चादरीवरची मोराची नक्षी मागावर जकार्डच्या, म्हणजे छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या, पत्त्यांतून येते: छिद्र असलं तर सुई आत, नसलं तर नाही. तीही एक सांकेतिक लिपीच, पण गुप्त नाही, कारण पत्ता हातात आला की कुठलाही माग तो वाचतो. किल्ली नावाचा प्रकारच नाही. उलट जुन्या कापड दुकानांत चिठ्ठीवर खरेदीची किंमत अक्षरांत टाकलेली असते. कुठलं अक्षर म्हणजे कुठला आकडा हे शेठ आणि मुनीम यांनाच ठाऊक. ते मात्र गुप्त.

गल्लीतल्या सातवीतल्या एका पठ्ठ्यानं किल्ली निवडली ७ आणि ६८. का, तर सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धेश्वर, त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज सात आणि त्यांनी स्थापलेली लिंगं अडुसष्ट. लक्षात ठेवायला झकास. पण अहो, सोलापुरात ही किल्ली कोण ओळखणार नाही? (६८ मधून ३७ गेले की ३१, म्हणजे किल्ली झाली ७ आणि ३१.) स्वतःचा वाढदिवस, गाडीचा नंबर, घर नंबर, यांचंही तेच. दोघांनी मिळून फासे टाका किंवा पुस्तक उघडून पान नंबर घ्या. कंटाळवाणी किल्ली हीच चांगली किल्ली.

चिठ्ठी फुटते कशी

त्या पठ्ठ्याची चिठ्ठी त्याच्या दहावीतल्या ताईनं फोडली, आणि तिला नंदीध्वजांची आठवणही झाली नव्हती. चिठ्ठीत एक शब्द होता 'होङाशूक्ष'. चार अक्षरं, मात्रा ओ, आ, ऊ आणि शेवटचं मोकळं. "काय लिहिलंयस बे, सोलापूरच ना?" मात्रांनी चुगली केली.

पुढचं काम दोन चलांतील रेषीय समीकरणांचं, दहावीच्या पुस्तकातलं पहिलंच प्रकरण. स (३२) चा ह (३३) झाला, ल (२८) चा ङ (५) झाला:

३२ × गुणक + भर = ३३
२८ × गुणक + भर = ५

पहिल्यातून दुसरं वजा केलं की भर उडते: ४ × गुणक = २८, गुणक ७. मग भर = ३३ − २२४ = −१९१. उणे आलं तर घाबरायचं नाही, ३७ च्या पटीत मिळवत जायचं: −१९१ + २२२ = ३१. दोन अक्षरं ओळखली आणि अख्खी किल्ली हातात. पठ्ठ्या दोन दिवस ताईशी बोलला नाही.

लांब चिठ्ठी असेल तर शब्द ओळखायचीही गरज नाही. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीनं दाखवलं होतं की प्रत्येक भाषेत काही अक्षरं सारखी येतात, काही क्वचित. चिठ्ठीत सगळ्यात जास्त वेळा आलेलं अक्षर मोजा आणि त्यावरून अंदाज बांधा. मराठीत तर आणखी सोपं, कारण निम्मी वाक्यं 'आहे'वर संपतात. म्हणून चिठ्ठीत आहे, होते, आणि, पण हे शब्द गाळा. जुन्या तारेसारखं लिहा: 'सायंकाळी पोचतो पैसे आण'. तारखात्याची तार २०१३ मध्ये बंद झाली, पण तिची भाषा इथं कामाची आहे. शब्दांमधल्या जागाही काढून टाका, पाच-पाच अक्षरांचे गट करा.

मात्रांचं तोंड बंद करा

मात्रांनी चुगली केली ना, मग त्यांनाही सरकवा. अ आ इ ई उ ऊ ए ऐ ओ औ या दहा, आणि पाय मोडलेलं अक्षर ही अकरावी अवस्था. ० ते १०. आणि ११ हीसुद्धा मूळ संख्या! वर्णमाला रचणाऱ्यांनी आपल्यासाठीच सोय करून ठेवल्यासारखी.

मात्रांची वेगळी किल्ली घ्या, समजा ३ आणि २. ओ म्हणजे ८: २४ + २ = २६, वजा २२, ४, उ. आ म्हणजे १: ५, ऊ. ऊ म्हणजे ५: १७, वजा ११, ६, ए. मोकळं अक्षर ०: २, इ. मघाचा 'होङाशूक्ष' आता 'हुङूशेक्षि' होतो. आता ओळखा म्हणावं सोलापूर. किल्ल्या १३३२ गुणिले ११०, म्हणजे १,४६,५२०. कधी कधी 'अ्' असा विचित्र प्राणी तयार होतो, तो तसाच लिहायचा.

शब्दाची किल्ली

एवढं करूनही एक दोष राहतो: र प्रत्येक वेळी त्याच अक्षरात बदलतो. त्यावर उपाय म्हणजे भरच बदलती ठेवायची. एक शब्द ठरवा, समजा 'चादर': ६, १८, २७. पहिल्या अक्षरात ६, दुसऱ्यात १८, तिसऱ्यात २७ मिळवा, चौथ्याला पुन्हा ६. हुरडा: ३३ + ६ = ३९, म्हणजे २, खु. २७ + १८ = ४५, म्हणजे ८, ज. १३ + २७ = ४०, म्हणजे ३, गा. 'खुजगा'. इटलीच्या बेलासोनं ही कल्पना १५५३ मध्ये छापली, नाव मात्र भलत्याच माणसाच्या, व्हिजनेअरच्या, वाट्याला गेलं. ती फोडायची रीत कासिस्कीनं १८६३ मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे तीनशे वर्षं चालली. किल्लीचा शब्द जेवढा लांब, तेवढं बरं. 'चादर' लहान आहे, तुम्ही अख्खी म्हण घ्या.

चिठ्ठ्या वाढल्या की गूगल शीट्सवर या. तिथं 'मॉड' नावाचं फंक्शन भागाकाराची बाकी देतं, आणि आत उणे संख्या आली तरी उत्तर ० ते ३६ मध्येच ठेवतं. एका उभ्या रांगेत मूळ नंबर, शेजारी सूत्र, खाली ओढलं की झालं.

आणि एक सांगून ठेवतो, कारण मागं एका पालकांनी विचारलं होतं: बँकेचा पिन, पासवर्ड, ओटीपी यांना हे लावून कागदावर ठेवू नका. ही चिठ्ठ्यांची गंमत आहे, संगणक ती डोळ्याचं पातं लवायच्या आत फोडतो. पण पोरांना हेही सांगा की बाक्यांचं हेच गणित मोठं होऊन खऱ्या कुलपात बसलंय. संगणकावरच्या गुप्तलिपीच्या १९७७ च्या आरएसए पद्धतीत प्रचंड मोठ्या संख्यांच्या बाक्याच घेतल्या जातात. २००१ मध्ये प्रमाण ठरलेल्या एईएस या दुसऱ्या पद्धतीतही एका टप्प्यावर आपण केलं तसं 'गुणा आणि मिळवा' आहे, फक्त साध्या संख्यांऐवजी बिटांवर, म्हणजे संगणकातल्या ० आणि १ वर.

आता सराव. किल्ली ५ आणि ८, मात्रा न बदलता:

डज्ञड थाडसी ञेंबाकयझी

हे वाचलंत तर जेवायची वेळ झाली असं समजा. आणि हे दुसरं, याची किल्ली सांगत नाही:

णक्षिक्षाणी लढाटी कुणबा

पहिला शब्द आठवड्यातला वार आहे. मात्रा बघितल्या तर दोन वार जुळतील, पण त्यातल्या एकातच अक्षरं परत परत येतात. तो ओळखा, पहिली दोन अक्षरं घ्या आणि दोन समीकरणं मांडा. शेवटच्या शब्दावर फसू नका, तो नुसता ओळखीचा दिसतो.